राखणीची जागा

आईच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी नवसामावशी आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि तिने समाजमंदिराची किल्ली मागितली.

नवसामावशी आमची शेजारीण. मखमलाबादच्या रस्त्याला आमचा मळा आणि तिचा मळा यांच्यामध्ये एक पाट आहे. त्या पाटाच्या पाण्यावरून ती आणि आई माझ्या लहानपणी वर्षातून दोनदा तरी कडाकडा भांडत. गेली चार वर्षं मात्र दोघी रोज दुपारी तीन वाजता समाजमंदिरातल्या एकाच सतरंजीवर बसून प्राणायाम करत. योगाचा तो वर्ग आईचा होता. आई शिकवायची आणि नवसामावशी चुकायची, असं नवसामावशीच सांगत असे.

"चौदावा दिवस झाला," ती म्हणाली. "किल्ली दे, झाडून घेते. तीनला बाया येतील."

वर्ग कोण घेणार, असं मी विचारलं.

"तू. दुसरं कोण हाय?"

मी सांगितलं की मला योग येत नाही. त्यावर वाचलंय पुष्कळ, केलेलं काहीच नाही.

"मग वाचून दाखव," ती म्हणाली. "आम्ही करू."

किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला गजऱ्याच्या दोऱ्यात अडकवलेली होती. मी ती काढून आणली, पण लगेच तिच्या हातात दिली नाही. कारण आदल्याच दिवशी, तेराव्याच्या पंगती उठल्यावर, सहादूकाका मला बाजूला घेऊन बोलले होते. समाजमंदिराचा कारभार त्यांच्याकडे असतो. माणूस सरळ आहे. नवरात्र जवळ आलं होतं, मंडपाचं सामान ठेवायला त्यांना जागा हवी होती आणि दुपारचा वर्ग बंद पडणार असेल तर किल्ली परत द्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. "चालवणारं कोणी असेल तर चालवा," ते म्हणाले. "सरूवहिनींच्या वर्गाला मी नाही म्हणणार नाय. पण घटस्थापनेच्या आधी मला काय ते सांग." घटस्थापनेला आता नऊ दिवस होते. मी त्यांना सांगितलं होतं की बहुतेक किल्ली परत देऊ.

मी शहरात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि इंदिरानगरला राहते. माझी रजाही नवरात्रापर्यंतच होती. मला वाटत होतं की आईचे कपडे वाटावेत, तिची कागदपत्रं भावाच्या, अश्विनच्या, हवाली करावीत, किल्ली परत द्यावी आणि निघावं.

"नऊच दिवस," मी नवसामावशीला म्हणाले आणि किल्ली दिली.

"नऊ तर नऊ," ती म्हणाली आणि खराटा मागू लागली.

*

आईचा राग आमच्या भागात प्रसिद्ध होता. गणेशवाडीच्या फूलबाजारात व्यापारी तिला मिरची म्हणत, अर्थात तिला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावरून. तिने एकदा वजनात खोट करणाऱ्याच्या पाटीतली शेवंती भर बाजारात रस्त्यावर ओतली होती. ती रागावली की घरात भांड्यांचे आवाज बदलत. मी आणि अश्विन शाळेतून येताना दारातच थांबून आधी ते आवाज ऐकायचो आणि मग आत जायचं की मळ्यात, ते ठरवायचो.

मी आठवीत असताना दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरात सगळे झेंडूच्या माळा ओवत होते. मी फुलांच्या ढिगाआड बसून शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक वाचत होते. वीस पानं राहिली होती. आईने ते माझ्या हातातून घेतलं, चालत कालव्यापर्यंत गेली आणि पाण्यात टाकलं. ती ओरडलीसुद्धा नाही, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. पुढे मी आयुष्यभर पुस्तकांत काम केलं. ते पुस्तक माझ्या हाताखालून किती वेळा गेलं असेल. पण ती वीस पानं मी आजपर्यंत वाचलेली नाहीत.

सहा वर्षांपूर्वी तिला बाजारात चक्कर आली. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. आरोग्य उपकेंद्रात तेव्हा लहानू सर योग शिकवत. ते सुरगाण्याकडचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, मुलाकडे राहायला आलेले. डॉक्टरांनी आईला त्यांच्याकडे पाठवलं. ती गेली ती कुरकुरतच. म्हणाली, दिवसभर वाकून फुलं तोडते, आता पुन्हा मुद्दाम वाकायला जायचं.

सरांनी तिला पहिल्या महिन्यात फारशी आसनं शिकवलीच नाहीत. तिच्या रागाबद्दल त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. त्यांनी तिला एक काम दिलं. राग आवरा असं ते म्हणाले नाहीत. भांडायचं तर खुशाल भांडा, पण राग अंगात पहिल्यांदा कुठे येतो तेवढं बघा आणि मला येऊन सांगा, असं म्हणाले. आईला ते सोपं वाटलं होतं, पण तिला महिना लागला. कारण राग आल्यावर बघायचं राहूनच जाई, आणि बघायला बसलं की राग येत नसे. एक दिवस मात्र ती सरांकडे गेली आणि म्हणाली, "डाव्या अंगठ्यात."

झेंडू तोडताना देठ डाव्या अंगठ्याने बोटावर दाबून मोडतात. तिचा राग तिथे येत होता. समोर कोणी नडलं की डोक्यात काही यायच्या आधी तिचा अंगठा देठ मोडायला लागलेला असे. एकदा ते दिसल्यावर तिने अंगठ्याकडे बघायला सुरुवात केली. बाजारात, घरात, पाटाच्या बांधावर. अंगठा दाबला गेला की ती तो सोडायची आणि एक लांब श्वास सोडायची. मग भांडायचं असेल तर भांडायची. बऱ्याचदा त्यानंतर भांडायचं राहत नसे, असं ती म्हणे.

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी "हो का" म्हणाले. माझ्या कपाटात योगावरची तीन निरनिराळी भाष्यं होती. साक्षीभाव म्हणजे काय यावर मी तासभर बोलू शकले असते. त्यात आईचा अंगठा कुठे बसतो ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर तिच्या बदलावर माझा विश्वास नव्हता. ज्यांनी तिचा राग अंगावर घेतला नव्हता त्यांना ती शांत वाटत असेल, असं मी स्वतःला सांगत असे. मी तिला एक-दोन पुस्तकं आणून दिली. तिने ती कव्हर घालून नीट ठेवली. "वाचते हळूहळू," म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी तिची परीक्षाच घेतली. अश्विन, त्याची बायको स्नेहल, पाहुणे, सगळे जेवायला बसलेले असताना मी हसत हसत कालव्यातल्या पुस्तकाची गोष्ट काढली. हसत होते, पण मला तिला दुखवायचं होतं. मी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठा बोटावर गच्च दाबलेला होता. मग तो हळूहळू सुटला. तिने श्वास सोडला.

"टाकलं होतं," ती म्हणाली. "तुझं तोंड कसं झालं होतं ते मला अजून दिसतं."

एवढंच. दसऱ्याची घाई होती, त्या काळी दिवस कसे होते, यातलं काही ती बोलली नाही. स्वतःची बाजू तिने मांडलीच नाही. मी जिंकायला बसले होते आणि समोर कोणी खेळतच नव्हतं. त्या दिवसापासून मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. तिला तसं सांगितलं मात्र नाही.

*

वर्गात चौदा बायका होत्या. सगळ्या फुलांच्या आणि भाजीच्या मळ्यांतल्या. सकाळ तोडणीत आणि बाजारात जाते, संध्याकाळ चुलीपाशी. म्हणून वर्ग दुपारी तीनला. अकराला जेवलेलं तीनपर्यंत जिरतं. पहाटेच्या वेळेबद्दल मी कधीतरी आईला पुस्तकातलं सांगायला गेले होते, तेव्हा तिने लहानू सरांचं उत्तर मला ऐकवलं होतं: पोट रिकामं आणि दार बंद असेल ती पहाट.

मी वहीत आसनांचा क्रम लिहून नेला होता. ताडासन म्हटल्यावर सगळ्या माझ्याकडे बघत बसल्या. आई याला काय म्हणायची, असं मी विचारलं.

"उभ्या राहा म्हणायची," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

मग जमलं. मी वाचत होते, त्या करत होत्या. त्यांची शरीरं पाहून मला माझ्या वहीची लाज वाटली. साठीतली नवसामावशी जमिनीला तळवे टेकवत होती. चांगुणा नावाची एक शांत बाई वृक्षासनात एका पायावर इतकी स्थिर उभी होती की तिच्या केसांत अडकलेली झेंडूची पाकळीही हलत नव्हती. आईने चार वर्षांत यांच्याकडून काय काय करून घेतलं होतं, ते मी प्रथमच बघत होते.

अर्ध्या-पाऊण तासाने मी वहीतलं शेवटचं नाव वाचलं. शवासन.

कोणी आडवं झालं नाही. चांगुणा जमिनीकडे बघत होती. स्नेहल उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, हे नाव आई घेत नव्हत्या."

"पसरण म्हण," नवसामावशी म्हणाली.

तिने ते म्हणताच मला कळलं. तोडलेली फुलं तशीच क्रेटमध्ये भरली तर आतल्या आत तापतात आणि बाजारात पोचेपर्यंत काळी पडतात. म्हणून आधी ती सावलीत ओल्या गोणपाटावर पसरून ठेवतात आणि त्यांच्यातली ऊब जाऊ देतात. मी हे लहानपणापासून पाहिलेलं होतं. आईने वर्गाच्या शेवटच्या आसनाला तेच नाव दिलं होतं. त्यामागचं कारण स्नेहलने मला नंतर सांगितलं. वर्ग सुरू झाला तो कोरोनानंतरच्या वर्षी. चांगुणाचा नवरा त्या साथीत गेला होता आणि तिला त्याचं शेवटचं दर्शनही मिळालं नव्हतं. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी आईने सरांनी शिकवलेलं नाव घेतलं, तशी चांगुणा उठून बाहेर गेली. आई तिच्या मागे गेली नाही, तिची समजूत घालायलाही गेली नाही. तिसऱ्या दिवशी चांगुणा आली तेव्हा आसनाचं नाव पसरण झालेलं होतं, आणि ते का झालं हे आईने कोणाला सांगितलं नाही.

आता सगळ्या आडव्या झाल्या. मीही एका कडेला आडवी होऊ लागले, तर नवसामावशी पडल्या पडल्याच म्हणाली, "तू नाय. तू राखणीला."

पसरलेल्या फुलांजवळ कोणीतरी बसावं लागतं. शेळ्या येतात, कोंबड्या येतात, पोरं पाय देतात. वर्गातही तसंच होतं. चौदा जणी डोळे मिटून पडत आणि आई दाराजवळ भिंतीला टेकून जागी बसे. कोणीतरी जागं आहे हे माहीत असल्याशिवाय यांचे डोळे मिटत नाहीत, असं ती म्हणे. या बायका दिवसभर कशाची ना कशाची राखण करत असतात. दुपारची ही दहा-बारा मिनिटं त्यांची राखण दुसरं कोणी करत असे.

मी दाराजवळ जाऊन बसले. पंखा फिरत होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, एक मिनिट झालं होतं. मग मी वही उघडली, उद्या काय घ्यायचं ते बघायला. पान उलटलं.

नवसामावशीने एक डोळा उघडला. "वाचू नको, शुभे," ती म्हणाली. "बघ."

मी वही मिटली, पण मला बघता येईना. समोर चौदा बायका निश्चल पडलेल्या होत्या आणि माझ्या छातीत काहीतरी घट्ट होत चाललं होतं. चार मिनिटं झाली असतील नसतील, मी म्हणाले, "झालं. उठा."

सगळ्या उठल्या. सतरंज्या गुंडाळताना नवसामावशी कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "आज ऊब गेली नाय."

*

आई गेली त्या दुपारी मी तिच्याजवळ होते. लोक समाचाराला येत तेव्हा हेच म्हणत, निदान तू जवळ होतीस. मी मान हलवत असे.

तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. शेवटचे बारा दिवस ती मधल्या खोलीत खाटेवर होती. तिला धाप लागे, पण ती घाबरत नसे. श्वास जसा येईल तसा येऊ देई आणि सोडताना शक्य तितका लांबवे. मी उशी सारखी करायची, औषधांच्या वेळा लिहायची, अश्विनला फोन करायची, पाणी गरम करायची. एकदा ती म्हणाली, "बस गं जरा. काही करू नको. बस नुसती." मी बसले. दोन मिनिटांत माझे हात चादर सारखी करायला लागले. तिने ते पाहिलं आणि हसली. "बरं, वाच," म्हणाली. "वाचत बस."

मग मी पुस्तक घेऊन बसायला लागले. त्या दुपारीही बसले होते. तिचे डोळे मिटलेले होते आणि श्वास ऐकू येत होता. मी वाचत होते. प्रकरण संपलं, मी वर पाहिलं, आणि श्वास ऐकू येत नव्हता. कधी थांबला, कोणत्या पानावर, कोणत्या ओळीला, ते मला माहीत नाही. मी नंतर ती पानं पुन्हा उलटून पाहिली. मूर्खपणाच तो. शेवटच्या सहा पानांत कुठेतरी असावं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

वर्गाच्या पहिल्या दिवसानंतर मी सकाळी स्नेहलबरोबर मळ्यात तोडणीला गेले. पितृपक्ष चालू होता, फुलांना उठाव नव्हता, पण झेंडू तोडावा लागतोच, नाहीतर नवरात्राला नवीन कळी येत नाही. दोघी एकाच सरीने चाललो होतो. मी तिला विचारलं की आई राखणीला बसून नेमकं काय करायची.

"बघायच्या," स्नेहल म्हणाली. "पोटं बघायच्या. श्वासाने वर-खाली होतात ना. कोणाचं पोट हलत नसेल, म्हणजे वरवरच श्वास चालू असेल, तर उठून तिच्या पायाशी जाऊन बसायच्या. तळव्यांवर हात ठेवायच्या. बोलायच्या नाहीत. घरात काही झालेलं असलं की त्यांना कळायचं. मला कितीदा कळलेलं." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "डावा हात ठेवायच्या. नेहमी डावाच."

त्या डाव्या हाताचा अंगठा मला माहीत होता.

"वर्ग तूच का नाही घेत?" मी विचारलं. "तुला सगळं येतं."

सुनेने सासूच्या जागेवर बसायचं म्हणजे बाया काय म्हणतील, असं काहीसं ती म्हणाली. मला ते पटलं नाही. तेव्हा तिने तोडलेली फुलं पाटीत टाकली आणि सरळ सांगितलं. "आसनं घेईन मी, ताई. ते जमेल. राखणीला मी नाही बसणार. मला पण तिथे थोडा वेळ पडायचं असतं." आणि मग, "आता घरात दुसरं कोण आहे जे माझ्यासाठी जागं राहील?"

दुसऱ्या दिवसापासून आसनं स्नेहल घेऊ लागली. राखण माझ्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी मी पाच मिनिटं बसले, तिसऱ्या दिवशी सहा. दरवेळी काहीतरी होऊन मी त्यांना लवकर उठवत असे. बायका काही म्हणत नसत. नवसामावशीसुद्धा गप्प झाली होती, आणि ते जास्त लागत होतं. एकदा सहादूकाका रस्त्यात भेटले. म्हणाले, "काय ठरलं? मला शब्द दे, बंद पडणार नाय म्हणून. मी सामान दुसरीकडे लावतो." मी शब्द दिला नाही. कोणाची राखण करायची आणि मग मध्येच उठून जायचं, यापेक्षा जागा मोकळी केलेली बरी, असं माझ्या मनात येत होतं.

सातव्या दिवशी मला लहानू सरांनी आईला दिलेलं काम आठवलं. बघायला काही सुचत नव्हतं म्हणूनच आठवलं असेल. ते घट्ट होणं माझ्या छातीत येतं असं मी धरून चालले होते. पण छातीत येण्याच्या आधी ते कुठे येतं? स्नेहलने सगळ्यांना आडवं केलं, मी दाराजवळ बसले आणि वाट बघत राहिले. पंखा, खिडकीतून येणारा पंपाचा आवाज. एका बाईचं पोट वर आलं, खाली गेलं. आणि ते आलं.

ते उजव्या हाताच्या तर्जनीत आलं. बोट अंगठ्यावर घासलं जात होतं. पानाचा कोपरा उचलताना घासतं तसं. माझा हात मांडीवर होता, त्यात काहीही नव्हतं आणि माझं बोट पान उलटत होतं.

मी त्या बोटाकडे बघत बसले. ते थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं. छातीत जे येत असे ते आलंच, चांगलं जोरात आलं. पण या वेळी ते कुठून निघालं ते मी पाहिलं होतं, म्हणून मी उठले नाही. मला समजत होतं की मी समोरच्या चौदा जणींना मृत समजून घाबरत नव्हते. मी घाबरत होते ते यातल्या कोणाकडे तरी माझं लक्ष नसेल या गोष्टीला. मग लक्ष देणं एवढंच माझ्या हातात होतं. मी पोटं बघायला लागले, भिंतीकडून एकेक. नवसामावशीचं मोठं आणि सावकाश. स्नेहलचं मध्येच थांबून चालणारं. चांगुणाचं जवळजवळ हलतच नव्हतं.

मी उठले आणि चांगुणाच्या पायाशी जाऊन बसले. तिच्या टाचांना शेतातल्या भेगा होत्या. मी दोन्ही तळव्यांवर हात ठेवले. बऱ्याच वेळाने तिच्या पोटाने एक मोठा श्वास घेतला.

आई शेवटी काय म्हणून उठवायची ते मला तोवर कळलेलं होतं. पसरलेली फुलं भरायची वेळ झाली की म्हणतात तेच. "उचला," मी म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं झाली होती.

नवसामावशी उठून बसली, तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तू."

मी नको म्हणाले.

"सरूची राखण कोण करायचं वाटतं तुला?" ती म्हणाली. "बाया गेल्या की रोज पडायची ती, पाच मिनिटं. मी बसायची. भांडायला बरी सापडायची, पडून राहिली की." आणि मग, "पड, पोरी."

बाकीच्या सतरंज्या गुंडाळून निघत होत्या. मी आईच्या सतरंजीवर आडवी झाले. वर छताला कुठल्या तरी लग्नातली झिरमिळी अडकून राहिलेली दिसली. मी डोळे मिटले. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. अंधार झाला आणि त्यात आवाज राहिले. चपला निघून जाण्याचा आवाज. दाराजवळ सहादूकाकांचा खाकरा आणि स्नेहलचं त्यांना "थांबा जरा" म्हणणं. मग तेही थांबलं.

आणि जवळच, माझ्या डोक्याच्या अंगाला, एक बारीक आवाज. सर्र. थोडा वेळ काही नाही. पुन्हा सर्र. नवसामावशी माळ ओवत होती. तिला नुसतं बसता येत नाही हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. ती सतरंजीत सुई लपवून आणते म्हणून आईने तिला कितीदा टोकलं होतं. आता ती राखणीला बसली होती आणि फुलातून दोरा ओढत होती. दोरा ओढला जाई आणि मला कळे, ती आहे. मग मी श्वास सोडायची. पुढचा आवाज होईपर्यंत वाट बघायची नाही, तो येणारच असायचा.

मधल्या खोलीत आईला खाटेवरून पान उलटण्याचा आवाज असाच ऐकू येत असेल.

हे मला सुचलं तेव्हा माझे डोळे मिटलेलेच होते. मी ते उघडले नाहीत. मला ते नक्की माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. पण "वाचत बस" असं म्हणणाऱ्या बाईने ते विचार न करता म्हटलं असेल असं मला आता वाटत नव्हतं. ती जे जे म्हणे ते आधी अंगठ्याकडे बघून म्हणे, गेली सहा वर्षं.

"उचला," नवसामावशी म्हणाली.

मी उठून बसले. तिच्या मांडीवर हातभर माळ झाली होती. ती मला दिसू नये म्हणून तिने पदराखाली सारली, सवयीने.

सहादूकाका चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभे होते. किल्लीसाठी आले होते. मी नवसामावशीकडून किल्ली घेऊन काकांच्या समोरच स्नेहलच्या हातात दिली आणि आसनं ती घेईल, असं सांगितलं. राखणीला सोमवार ते शुक्रवार नवसामावशी बसेल, तिची सुई सगळ्यांना चालत असेल तर. शनिवार-रविवार मी येईन.

"शब्द?" काकांनी विचारलं.

माझं बोट पुन्हा अंगठ्यावर घासलं जात होतं. मी ते पाहिलं.

"शब्द," मी म्हणाले.